पदर उलटा करून दाखवा : घरच्या धंद्याचा पहिला व्हिडिओ

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कुणी बसमध्ये असेल, कुणी दुकानात दुपारची गर्दी ओसरल्यावर इअरफोन लावून बसलं असेल. जिथे असाल तिथून ऐका, कारण आजचा विषय तुमच्यापैकी खूप जणांच्या घरातला आहे.

घरात धंदा आहे. आईचा मसाल्यांचा, बाबांचा फर्निचरचा, काकांची नर्सरी, मामाचं गॅरेज. आणि घरात चांगला फोन कुणाकडे आहे? तुमच्याकडे. मग सगळे म्हणतात, "अरे, तू दिवसभर मोबाईलमध्येच असतोस ना, मग आपल्या धंद्याचा एक व्हिडिओ कर की!" तुम्हीही म्हणता, करतो. आणि मग ते "करतो" सहा महिने तसंच राहतं. खरंय ना?

का राहतं? आळस हे उत्तर मला पटत नाही. मध्ये खरेखुरे अडथळे असतात. आज ते एकेक करून बाजूला काढूया. आणि नुसतं हवेत बोलायला नको म्हणून एकच धंदा उदाहरणाला घेऊया. तुमचा धंदा वेगळा असला तरी त्यातून तुमचं तुम्हाला सापडेल.

समजा, तुमचं घर येवल्यात आहे

नाशिक जिल्ह्यातलं येवला. घरात हातमाग आहे. वडील पैठणी विणतात. एका साडीला कित्येक आठवडे जातात. पदर भरगच्च असेल, मोर, मुनिया, आसावलीची वेल असं काम असेल, तर काही महिनेसुद्धा.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर एका ताईंचा मेसेज येतो. त्यांनी फोटो पाठवलाय. "दादा, अगदी अशीच साडी मला दुसरीकडे तुमच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय. तुमची एवढी महाग का?"

ती दुसरी साडी असते सेमी पैठणी. यंत्रमागावर निघालेली. आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया: सेमी पैठणी विकणं हा काही गुन्हा नाही. कुणाचं बजेट तेवढं असतं, कुणाला एका कार्यक्रमापुरती साडी हवी असते. सेमी म्हणून विकली तर काहीच वाईट नाही. पण फोटोत दोन्ही साड्या सारख्या दिसतात, आणि इथेच विणणाऱ्याचा घात होतो. फोटोला फक्त समोरची बाजू कळते.

फरक कुठे कळतो? उलट्या बाजूला. हातानं विणलेल्या पैठणीचा पदर उलटा केला, तरी नक्षी तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागी हातानं गुंफलेला असतो. यंत्रावरच्या नकलेत मागच्या बाजूला बहुतेक वेळा सुटे धागे लोंबताना, नाहीतर कापलेले दिसतात. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तुमचे वडील काय करतात? काही बोलत नाहीत. पदर हातात घेतात आणि उलटा करून दाखवतात. संपला विषय.

बस, हाच तुमचा पहिला व्हिडिओ. दोन हात, एक पदर, तो उलटा होतो. वीस सेकंद.

आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. धंद्याचा व्हिडिओ म्हणजे अभिनय नाही. दुकानात समोर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही रोज जे दाखवता, तेच लांबच्या माणसाला दाखवायचं. जो दाखवत नाही, त्याची तुलना फक्त किमतीवर होते. आणि किमतीच्या शर्यतीत हातमाग यंत्रमागाला कधीच हरवणार नाही. घरी केलेला मसाला कारखान्याला हरवणार नाही. म्हणून हा लाइक्सचा प्रश्न नाहीये मंडळी. तुमच्या घरातलं कसब पुढच्या दहा वर्षांत टिकणार की नाही, याच्याशी त्याचा संबंध आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण ते प्रमाणपत्र पुण्यातल्या गिऱ्हाइकाला पदर उलटा करून दाखवत नाही. ते काम तुम्हाला करावं लागेल.

चला, आता अडथळे.

अडथळा पहिला : "मला कॅमेऱ्यासमोर जमत नाही"

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्याच्या जोडीला येतं, "शी, माझा आवाज किती विचित्र आहे!"

याचं कारण ऐकाल तर निम्मी भीती जाईल. आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकतो. एक हवेतून कानात, आणि दुसरा आपल्याच कवटीच्या हाडांमधून. हाडांमधून खालचे, जाडसर सूर चांगले पोचतात. म्हणून स्वतःला आपला आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते, फक्त हवेची असते. म्हणून तो पातळ वाटतो. पण लक्षात घ्या, जगानं तुमचा तो रेकॉर्डिंगवाला आवाजच कायम ऐकलाय. तुमच्या मित्रांना तो विचित्र वाटत नाही. त्यांच्यासाठी तोच तुमचा आवाज आहे.

चेहऱ्याचंही तसंच. आपण स्वतःला जन्मभर आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता. काही मुलींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना बहुतेक वेळा आरशातला आवडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ फोटो आवडला. का? ज्याला जे बघायची सवय, त्याला ते छान वाटतं. तेव्हा व्हिडिओत तुम्ही "वेगळे" दिसता ते फक्त तुम्हाला.

आणि सेल्फी कॅमेऱ्यात नाक मोठं दिसतं ना, तो तुमच्या नाकाचा दोष नाही. फोन चेहऱ्याच्या फार जवळ असतो. जवळची वस्तू मोठी दिसणारच. फोन चार-पाच फूट लांब ठेवा, मागचा कॅमेरा वापरा, चेहरा नेहमीसारखा येईल.

पण मी म्हणतो, पहिल्या दहा व्हिडिओंत चेहरा दाखवायचाच कशाला? हात दाखवा. विणणारे हात, पुरण वाटणारे हात, स्कूटरचा प्लग साफ करणारे हात. लोकांना काम बघायला आवडतं.

आता घरच्यांना कसं बोलतं करायचं? "पप्पा, कॅमेऱ्यात बघून बोला" म्हणालात की पप्पांचा खांब होतो. एकदम "नमस्कार, आमच्या येथे सर्व प्रकारच्या..." अशी सरकारी भाषा सुरू होते. त्याऐवजी फोन स्टँडवर, नाहीतर डब्याला टेकवून ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा, आणि बाजूला बसून साधा प्रश्न विचारा. "पप्पा, हा मोर करायला किती दिवस लागले?" ते मोराकडे बघत उत्तर देतील. तेच उत्तर हवंय तुम्हाला. मात्र एक पथ्य पाळा: रेकॉर्ड करतोय हे त्यांना आधी सांगा. आणि टाकण्याआधी त्यांना दाखवा. ते नको म्हणाले तर नको.

नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, सारोळा कासार गाव. तिथल्या सुमन धामणे आजी तुम्हाला "आपली आजी" म्हणून माहीत असतील. वय सत्तरीचं, फोन नातवाच्या हातात, चूल रोजची. त्यांनी कुठला अभिनयाचा कोर्स केला नव्हता. जी भाजी त्या आयुष्यभर करत आल्या, ती केली आणि करता करता सांगितली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे हुनर आणि पोराकडे फोन, ही जोडी आपल्या बहुतेक घरांत आहे. फक्त ती दोघं एकत्र बसत नाहीत.

अडथळा दुसरा : "बोलायचं काय?"

याचं उत्तर तुमच्याकडे आधीच लिहिलेलं आहे. व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि मागच्या महिन्याभरातले गिऱ्हाइकांचे मेसेज बघा. दुकान असेल तर गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. जो कोणी जो काही प्रश्न विचारेल, तो त्याच्याच शब्दांत लिहा. आठवड्यात वीस प्रश्न जमतील, त्यातले बरेच पुन्हा पुन्हा आलेले असतील. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, तो पहिला व्हिडिओ.

पैठणीवाल्याकडे काय प्रश्न येतात? "खरी कशी ओळखायची?" "धुवायची कशी?" "घडी मोडायची का, किती दिवसांनी?" "दुसऱ्या रंगात करून द्याल का, किती वेळ लागेल?" "आईची जुनी साडी आहे, दुरुस्त होईल का?" झाले पाच व्हिडिओ.

प्रत्येक व्हिडिओचं माप ठरवून टाका. चार गोष्टी, याच क्रमानं.

पहिली, प्रश्न. गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, पहिल्या तीन सेकंदांत. "नमस्कार, आज आपण पाहणार आहोत" यात पाच सेकंद गेले की समोरच्याचा अंगठा वर सरकलाच म्हणून समजा.

दुसरी, दाखवणं. पदर उलटा करा.

तिसरी, एक-दोन वाक्यांत उत्तर.

चौथी, पुढे काय करायचं ते. "दुसरीकडे घेत असाल तरी पदर उलटा करून बघा. काही शंका आली तर आम्हाला फोटो पाठवा."

ते शेवटचं वाक्य ऐकलंत? त्यात "आमच्याकडूनच घ्या" असं काहीच नाहीये. पण असं सांगणाऱ्या माणसावर विश्वास बसतो. दुकानदारीत आपल्याकडे हे पूर्वीपासून चालत आलंय. चांगला दुकानदार म्हणायचाच, "वहिनी, हा तांदूळ नका नेऊ, जुना येऊ दे, मग न्या." त्या एका वाक्यावर वहिनी वीस वर्षं त्याच दुकानात यायच्या.

अडथळा तिसरा : "आपल्याकडे सामान नाही"

रिंग लाइट नाही, माइक नाही, महागडा फोन नाही. थांबा. या अडथळ्यावर आपल्याच एका माणसाची गोष्ट सांगतो.

दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा हातानं फिरवायचा कॅमेरा घेऊन आले. मोठा सिनेमा काढायचा होता. पण पैसे कोण देणार? भारतात असा पूर्ण कथेचा सिनेमा कुणी केलेलाच नव्हता. लोकांना शंका येणारच. मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी लावलं. कॅमेरा त्याच्यापुढे रोवला. आणि रोप वाढत असताना त्याची थोडी थोडी चित्रं घेत गेले. पडद्यावर बघणाऱ्याला दिसलं की मिनिटाभरात बी उगवतंय आणि वेल वर चढतेय! ती छोटीशी फिल्म दाखवूनच त्यांनी भांडवल देणाऱ्याला पटवलं.

पुढची यादी तर आपल्या अडथळ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. फिल्म धुण्याची, रसायनांची कामं सरस्वतीबाई स्वतः शिकल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळेना. मग एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाचं काम फाळक्यांच्या मुलानंच केलं. आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' याच धडपडीवर आहे, बघितला नसेल तर जरूर बघा.

मला यातून घ्यायची आहे ती वाटाण्याची कुंडी. मोठं काम अडलं की त्याचा सगळ्यात छोटा पुरावा आधी तयार करा. चॅनल, लोगो, इंट्रो, म्युझिक हे सगळं नंतर. आधी वीस सेकंदांचा पदर.

आता सामानाचं बोलू. एकदम कामाच्या गोष्टी सांगतो.

उजेड. सगळ्यात चांगली लाइट फुकट आहे, सकाळची खिडकी. खिडकी तुमच्या मागे नको. वस्तूवर उजेड समोरून किंवा बाजूनं पडू दे. जरीवर भर दुपारचं ऊन थेट पडलं तर ती पांढरी फटक दिसते, रंग मरतो. सावलीतला उजेड घ्या. रात्री शूट करताना व्हिडिओत काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसतात ना? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा ५० हर्ट्झ असा पर्याय असेल तर तो निवडा. नाहीतर दिवसा शूट करा.

आवाज. चित्र थोडं कमी-जास्त चालतं, पण आवाज कळला नाही तर माणूस लगेच निघून जातो. फोन लांब आणि बोलणारा लांब, तर आवाज घुमतोच. जुन्या वायरवाल्या इअरफोनचा माइक शर्टाला लावा, बघा किती फरक पडतो. पंखा बंद करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमत असेल तर गोधड्या, गाद्या, साड्यांचे गठ्ठे असलेल्या खोलीत बसा. कापड आवाज शोषून घेतं. आणि पैठणीवाल्यांकडे कापडाला काय तोटा! माग चालू असताना बोलायला जाऊ नका, खटखटीत काही ऐकू येणार नाही. मागाचा आवाज वेगळा घ्या, तो गोडच लागतो. बोलणं नंतर शांतपणे रेकॉर्ड करून वर जोडा.

फोन. आधी लेन्स पुसा. हसू नका, निम्मे धूसर व्हिडिओ बोटाच्या तेलामुळे असतात. स्वयंपाकघरात तर हमखास. रील आणि शॉर्ट्ससाठी फोन उभा धरा. सेटिंग १०८० पी आणि ३० फ्रेम पुरे झालं. फोनप्रमाणे मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. फोर के घेतलंत तर त्याच्या दोन-तीन पट. "स्टोरेज फुल" हा अडथळा निम्म्या वेळा त्या फोर केनेच उभा केलेला असतो.

आणि खाली मराठीत दोन ओळी लिहा. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, लोकलमध्ये, ऑफिसात, बाळ झोपलेलं असताना. मुख्य मुद्दा अक्षरांत दिसला पाहिजे.

अडथळा चौथा : "आमची भाषा चांगली नाही"

म्हणजे काय, तर पुस्तकी मराठी येत नाही. घरी अहिराणी बोलतात, मालवणी बोलतात, वऱ्हाडी बोलतात. "लोक हसतील."

मला सांगा, नारळाच्या रसातली सोलकढी तुम्हाला कुणाच्या तोंडून ऐकायला आवडेल? मालवणीत बोलणाऱ्या मावशीच्या, की बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या? तुमची बोली हा माल कुठला आहे याचा पुरावा आहे. ती लपवलीत तर एक खरी गोष्ट लपवलीत. जिथे शब्द अगदीच वेगळा असेल तिथे खाली कॅप्शनमध्ये प्रमाण मराठीत लिहून टाका. काम झालं.

काळजी कशाची घ्यायची, तर वाक्यं लांब नकोत आणि धंद्यातले शब्द समजावून सांगायचे. विणकराला "ताणा" आणि "बाणा" रोजचे. पुण्यातल्या मुलीला ते माहीत नसतील. "हे उभे धागे म्हणजे ताणा, हे आडवे म्हणजे बाणा," असं बोटानं दाखवलंत की तिलाही मजा येते.

अडथळा पाचवा : "लोक काय म्हणतील, आणि डिझाइन चोरतील"

दोन वेगवेगळ्या भीती आहेत, वेगळ्या करूया.

लोक काय म्हणतील? म्हणतील. नातेवाईक म्हणतील, "आता हिरोगिरी सुरू झाली वाटतं." शाळेतला मित्र हसण्याचा इमोजी टाकेल. ते तुमचं गिऱ्हाईक आहेत का? नाहीत. सुरुवातीला हवं तर धंद्याचं अकाउंट वेगळं काढा, घरच्या ग्रुपवर टाकूच नका. शिवीगाळ केली तर डिलीट आणि ब्लॉक, वाद घालू नका. पण कुणी खरी तक्रार केली, "माझ्या साडीचा रंग गेला", तर ती पुसू नका. तिथेच नम्रपणे उत्तर द्या, "ताई, बिल नंबर पाठवा, बघतो." ते उत्तर वाचणारे बाकीचे सगळे तुमची पारख करत असतात.

डिझाइन चोरतील? ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. नवं डिझाइन विकलं जाईपर्यंत पूर्ण दाखवू नका. मसाल्याचं नेमकं प्रमाण सांगू नका. पण काम कसं होतं, वेळ किती लागतो, खरं-खोटं कसं ओळखायचं, हे मोकळेपणानं दाखवा. ज्यांना नक्कल करायची आहे ते साडी विकत घेऊनही करतातच. गिऱ्हाइकाला मात्र तुमच्या व्हिडिओशिवाय फरक कळायला दुसरी वाट नाही.

अडथळा सहावा : "टाकले की पाच, पण कुणी बघतच नाही"

इथे सगळ्यात जास्त जण गळतात. पाच व्हिडिओ, प्रत्येकाला ऐंशी-नव्वद व्ह्यूज. मन खट्टू होतं.

जरा हिशेब करू. हातमागावर वर्षभरात तुमचं घर किती साड्या विणू शकतं? मोजक्याच. मग तुम्हाला लाखो लोक हवेत कशाला? तुम्हाला वर्षाकाठी तेवढीच माणसं हवीत ज्यांना फरक समजलाय आणि जी त्याचे पैसे द्यायला तयार आहेत. नव्वद माणसं दुकानात आली असती तर बसायला जागा पुरली नसती!

म्हणून व्ह्यूज मोजू नका, दुसऱ्या गोष्टी मोजा. पहिली, तोच तोच प्रश्न फोनवर कमी झाला का? दुसरी, "तुमचा तो पदराचा व्हिडिओ बघितला" असं म्हणून किती जणांनी विचारलं? तिसरी, किमतीवरून घासाघीस कमी झाली का? हे वहीत लिहा.

आणि व्हिडिओ टाकून देऊन वाट बघत बसू नका. तो वापरा. पुढच्या वेळी "एवढी महाग का?" असा मेसेज आला की टाइप करत बसायचं नाही, तो वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ठरलेली उत्तरं साठवून ठेवता येतात, कॅटलॉग करता येतो. इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ वर पिन करा. एक व्हिडिओ म्हणजे पगार न घेता रात्रंदिवस तेच उत्तर देणारा माणूस. उद्या जगानं बघितला नाही तरी तो कामाला आला.

वेळेचंही यातच येतं. रोज एक टाकायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? आठवड्यातून एक दिवस ठरवा. एका बैठकीत तीन प्रश्नांची उत्तरं शूट करा. सणासुदीला, लग्नसराईत धंदाच इतका असतो की शूटिंग होत नाही, म्हणून आधीच चार-पाच साठवून ठेवा.

चार गोष्टी सांभाळा

एक, गाणी. सिनेमाचं गाजलेलं गाणं लावून जाहिरात करू नका. कॉपीराइट कायदा १९५७ पासून आहे, आणि धंद्यासाठी गाणं वापरायचं तर परवानगी लागते. बिझनेस अकाउंटला बऱ्याचदा सगळी गाणी दिसत नाहीत, त्याचं कारणही हेच. मागाची खटखट, फोडणीचा चर्र आवाज, हेच तुमचं संगीत.

दोन, दावे. "आमच्या लाडवानं शुगर पळते" असलं काही बोलू नका. मधुमेहासारखे आजार बरे होतात अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड होऊ शकतो. सेमी असेल तर सेमी म्हणा, यंत्रावरचं असेल तर तसं सांगा. खरं दाखवायला बसलो आहोत आपण.

तीन, माणसं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला न विचारता शूट करू नका. लहान मूल असेल तर आई-वडिलांना विचारा.

चार, कुलूप. अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आजच. मघाशी ज्यांच्याबद्दल बोललो त्या "आपली आजी"चा चॅनलही हॅक झाला होता. तो परत मिळाला, पण प्रत्येकाचा मिळेलच असं नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, "ब्लू टिक देतो" म्हणणाऱ्याला तर अजिबातच नाही.

या आठवड्याचं काम

लांबलचक यादी देत नाही. सोमवार ते गुरुवार, वहीत प्रश्न लिहा. शुक्रवारी त्यातला सगळ्यात जास्त आलेला एक निवडा. शनिवारी सकाळी खिडकीजवळ, लेन्स पुसून, वीस ते तीस सेकंदांचं शूट. तीनदा घ्या, त्यातला बरा ठेवा. दहाव्यांदा घ्यायला गेलात तर समजा, पुन्हा अभिनय सुरू झाला. रविवारी घरच्यांना दाखवा आणि ज्या गिऱ्हाइकानं तो प्रश्न विचारला होता, त्या एकाच माणसाला पाठवा. फक्त एकाला. त्याला उत्तर मिळालं का, ते विचारा. मिळालं असेल तर मग जगासाठी टाका. नसेल मिळालं तर कुठे अडलं ते त्याच्याकडूनच कळेल, आणि पुढचा शनिवार आहेच.

तुमच्या घरातल्या धंद्यात ती "उलटी बाजू" कुठली आहे, जी फोटोत दिसत नाही आणि दाखवली की गिऱ्हाईक गप्प होतं? सुताराच्या कपाटात ती मागची फळी असेल, जिथे प्लायवूड कुठल्या दर्जाचा ते कळतं. मसाल्यात ती मिरची असेल, देठ काढून निवडलेली. शिंप्याकडे ती आतली शिलाई आणि दोन बोटं सोडलेलं माया-कापड. ती बाजू शोधा. नाही सापडली तर आई-बाबांना विचारा, "आपण असं काय करतो जे दुसरे करत नाहीत?" त्या प्रश्नावर घरात जे बोलणं होईल ना, ते कदाचित व्हिडिओपेक्षाही मोलाचं असेल.

तुमची ती बाजू कुठली, मला जरूर कळवा. आणि ज्याच्या घरी धंदा आहे आणि "करतो, करतो" चाललंय, अशा एका मित्राला हा भाग पाठवा. पुढच्या भागात ऑनलाइन ऑर्डर, पार्सल आणि परत आलेला माल यावर बोलू. तोवर, मंडळी, लेन्स पुसायला विसरू नका. भेटूया!